देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याची मान

आपल्या धर्मग्रामांत सेवेचा हिशेब ठेवण्याची एक रूढ पद्धत आहे. उपवासकाळात किती रक्कम जमली, नाताळापूर्वी किती कुटुंबांना धान्य दिले, आरोग्य शिबिरात किती रुग्ण तपासले, वसतिगृहात किती मुलांची सोय झाली, हे सारे आकडे वर्षाच्या अखेरीस अहवालात छापले जातात. रविवारच्या मिस्सानंतर ते वाचूनही दाखविले जातात. यात गैर काही नाही. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांपुढे ठेवलाच पाहिजे. पण हा सगळा हिशेब देणाऱ्याच्या बाजूचा असतो. घेणाऱ्याच्या बाजूचे पान बहुधा कोरेच राहते. धान्याची पिशवी स्वीकारताना त्या माणसाची मान ताठ होती की खाली गेली, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

मराठीत ‘मान’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मान म्हणजे शरीराचा अवयव आणि मान म्हणजे प्रतिष्ठा. आपल्या पूर्वजांनी हे दोन अर्थ एकाच शब्दात बांधले, कारण एक वाकली की दुसरीही वाकते हे त्यांनी अनुभवले असावे. सेवा करणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंत समूहापुढे म्हणूनच एक अवघड नैतिक प्रश्न उभा असतो. ज्याला आपण साहाय्य करतो, त्याची मान आपल्या साहाय्याने वर येते की खाली जाते? आणि खाली जात असेल, तर ती सेवा पूर्ण अर्थाने सेवा ठरते काय?

हा प्रश्न हवेत ठेवून सुटणारा नाही. त्यासाठी जमिनीवर उतरले पाहिजे. मराठवाड्यातील निलंगा परिसराची निवड मी त्यासाठी करतो, कारण तेथील जमीनच एका रात्री हलली आणि त्या रात्रीनंतर साऱ्या जगाचे हात तिकडे वळले.

हललेली भूमी

निलंगा हा लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला तालुका. तेरणा आणि मांजरा या नद्यांचा हा प्रदेश. नीळकंठेश्वराचे जुने हेमाडपंती मंदिर हे गावाचे भूषण. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली. या भागात कॅथॉलिक भाविकांची संख्या अगदी थोडी. वसईप्रमाणे गावोगावी चर्चचे मनोरे दिसावेत, सकाळ-संध्याकाळ घंटानाद ऐकू यावा, अशी तेथील परिस्थिती नाही. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज मुख्यत्वे दलित जातींतून आलेला, म्हणजे गावकुसाबाहेरचे जिणे पिढ्यान्‌पिढ्या भोगलेला.

२९ सप्टेंबर १९९३ हा गणेशविसर्जनाचा दिवस होता. मिरवणुका आटोपून लोक उशिरा घरी परतले आणि गाढ झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६ च्या थोडी वर होती. जगाच्या मानाने हा काही अतिभयंकर भूकंप नव्हता, परंतु त्याचे केंद्र जमिनीत फार खोल नव्हते आणि वर उभी असलेली घरे जीवघेणी होती. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांना धरून ठेवायला केवळ माती आणि वर माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट माती चढविलेले छप्पर. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारे हे घर त्या पहाटे थडगे झाले. हा प्रदेश त्या काळी भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता, त्यामुळे घर बांधताना कोणी तसा विचार केला नव्हता. औसा, निलंगा आणि उमरगा या तालुक्यांना सर्वाधिक फटका बसला. बावन्न गावे जवळजवळ नामशेष झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, आणि काही गणनांनुसार तो दहा हजारांपर्यंत जातो.

त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. सैन्य आले, शासन आले, वृत्तपत्रे, उद्योगसमूह, विद्यार्थी, डॉक्टर आले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील शेकडो मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. मलयाळ मनोरमा या केरळमधील वृत्तपत्राने वाचकांच्या निधीतून गाव उभारण्याचे काम अंगावर घेतले. ख्रिस्ती संस्थांपैकी भारतीय कॅथॉलिक बिशपांनी १९६२ साली स्थापिलेली कॅरिटास इंडिया, प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची ‘कासा’ आणि इतरही कित्येक मदतीसाठी उतरल्या. प्रारंभी अन्न, औषधे, तात्पुरता निवारा आणि पुढे घरबांधणी, असा त्या कामाचा क्रम होता. या सर्वांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ढिगाऱ्याखाली माणूस विव्हळत असताना हेतूची चिकित्सा करीत बसणे हीदेखील एक प्रकारची निष्ठुरताच होय.

गळ की भाकर?

तथापि ख्रिस्ती समूहांनी सेवेचा हात पुढे केला की आपल्या देशात एक प्रश्न हटकून विचारला जातो. हे भाकर देतात की भाकरीत गळ लपवितात? आपल्या घरांत या प्रश्नाचा राग येतो. माझ्या मते रागावण्याआधी तो नीट ऐकून घेणे श्रेयस्कर आहे. विचारणारे सगळेच द्वेषाने विचारीत नाहीत, आणि इतिहासात या शंकेला आधार मुळीच नाही असेही म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांत मिशनऱ्यांच्या अन्नछत्रांनी असंख्य जीव वाचविले. त्याच वर्षांत त्यांच्या मंडळ्यांची संख्याही वाढली. जीव वाचविणाऱ्याच्या देवावर विश्वास ठेवावासा वाटणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण पोट रिकामे असताना घेतलेला निर्णय किती मोकळा असतो, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

किल्लारीच्या भूकंपाआधी बरोबर शंभर वर्षे, १८९३ साली, पुण्यात याच प्रश्नावरून मोठे वादळ उठले होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले आणि नंतर पुण्यास आणलेले शारदासदन हे उच्चवर्णीय विधवांचे शिक्षणगृह होते. तेथे धर्माची सक्ती करणार नाही असे रमाबाईंचे वचन होते. परंतु त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. हे कळताच गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. दार उघडे ठेवणे हा प्रचार, की दार बंद करणे हा दांभिकपणा? रमाबाईंचे म्हणणे असे होते की आपण कुणाला बोलावीत नाही आणि कुणाला हाकलूनही देणार नाही. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे होते की जी मुलगी अन्न, वस्त्र, शिक्षण सर्वस्वी तुमच्याकडून घेते, तिच्यासाठी उघडे दार हेही आमंत्रणच असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच तो वाद आजही जुना वाटत नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभेची भूमिका आज संदिग्ध राहिलेली नाही, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना ठाऊक असले पाहिजे. किल्लारीच्या दुसऱ्याच वर्षी, १९९४ मध्ये, रेडक्रॉस आणि जगातील प्रमुख मदतसंस्थांनी आपत्तीच्या काळातील कामासाठी एक आचारसंहिता तयार केली. ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास इंटरनॅशनॅलिस, कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि जागतिक चर्च परिषद यांचा समावेश होता. मदत केवळ गरज पाहून द्यावी, वंश, पंथ किंवा राष्ट्रीयत्व पाहून नव्हे, आणि कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी तिचा वापर करू नये, ही तत्त्वे त्यात स्पष्ट शब्दांत नोंदविली गेली. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात हाच विचार धर्मशास्त्राच्या भूमीवर मांडला. प्रेम हे निरपेक्ष असते, अन्य काही साध्य करण्याचे ते साधन होऊ शकत नाही, आणि देवाविषयी केव्हा बोलावे व केव्हा मौन राखून प्रेमालाच बोलू द्यावे हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे, असा त्या प्रतिपादनाचा आशय आहे.

याचा अर्थ श्रद्धा लपवावी असा होत नाही. आपण कोण आहोत असे कुणी विचारले तर सरळ उत्तर द्यावे. गळ्यातला क्रूस काढून खिशात ठेवण्याचेही कारण नाही. दारावरची पाटी आणि दाराची अट यांत मात्र अंतर आहे. पाटी वाचून माणूस आत येतो किंवा पुढे जातो. अट घातली की त्याची पुढे जाण्याची वाट बंद होते. भुकेल्याच्या बाबतीत तर न उच्चारलेली अटही त्याला स्पष्ट ऐकू येते. म्हणून सेवा करणाऱ्यावर एक जास्तीची जबाबदारी येते. अट नाही एवढे त्याने मनात म्हणून चालत नाही. अट नाही हे समोरच्याला निःशंकपणे जाणवावे लागते.

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला या दृष्टीने पुन्हा वाचावा. जखमी मनुष्य कोणत्या जातीचा, कोणत्या पंथाचा, याची शोमरोन्याने चौकशी केली नाही, हे आपण प्रवचनांतून नेहमी ऐकतो. पण त्या कथेत जे घडलेले नाही तेही तितकेच बोलके आहे. बरा झाल्यावर तो मनुष्य शोमरोनी झाला, असे प्रभूने कुठेही म्हटलेले नाही. तो उपकारकर्त्याचे आभार मानायला गेला, असेही म्हटलेले नाही. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाजवळ पैसे दिले, परतताना उरलेला खर्च भागवीन असे सांगितले, आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. जखमी मनुष्य शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या उशाशी उपकारांची आठवण करून देणारे कोणी बसलेले नव्हते.

दत्तक घेतलेले गाव

भूकंपानंतर एक शब्दप्रयोग फार प्रचारात आला, ‘गाव दत्तक घेणे’. निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळी गावे दत्तक घेतली. शब्द आपुलकीचा खरा, परंतु किंचित थांबून पाहिले तर तो खटकतो. दत्तक घेतले जाते ते मूल. ज्या गावात सत्तर वर्षांचे म्हातारे आहेत, पेरणी-कापणीचे शास्त्र कोळून प्यालेले शेतकरी आहेत, दहा बाळंतपणे सुखरूप पार पाडणाऱ्या सुइणी आहेत, ते गाव एका रात्रीत अजाण बालक कसे झाले? घरे पडली होती, अक्कल पडली नव्हती. पण दत्तक हा शब्द एकदा स्वीकारला की निर्णय घेणारा बाप कोण, हे आपोआप ठरून जाते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने राबविलेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात उद्ध्वस्त गावे नव्या जागी हलविण्यात आली. शहरातील वसाहतींसारखे सरळ रस्ते आणि सारख्या रांगा आखल्या गेल्या. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांना २५० चौरस फुटांचे, मध्यम शेतकऱ्यांना ४०० चौरस फुटांचे आणि मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फुटांचे घर, असे सूत्र ठरले. आधीच्या मालमत्तेच्या प्रमाणात भरपाई द्यावी, असा त्यामागील व्यवहारी विचार असावा. नैतिक दृष्टीने मात्र हे सूत्र विचारात पाडणारे आहे. भूकंपाने वाडा आणि झोपडी यांतला भेद क्षणभर पुसला होता. पुनर्वसनाने तो चौरस फुटांत मोजून पुन्हा आखून दिला. ज्याच्या घरात खाणारी तोंडे आठ आणि जमीन शून्य, त्याला सर्वांत लहान घर मिळाले. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास पाहता या सूत्रात आपल्यापैकी बहुतेकांचे घर कोणत्या आकाराचे ठरले असते, हे वेगळे सांगायला नको.

येथे श्रद्धावंत समूहांपुढे खरी कसोटी उभी राहते. घर बांधून देणे हे दयेचे काम झाले. घर एवढेच का, असे विचारणे हे न्यायाचे काम आहे. पहिल्या कामासाठी पैसा व परिश्रम लागतात, आणि ते आपण मुक्तहस्ते देतो. दुसऱ्या कामासाठी शासनाशी, गावातील सबळांशी, प्रसंगी आपल्याच देणगीदारांशी बोलावे लागते, आणि तेथे आपला घसा कोरडा पडतो. दया करणाऱ्याला सर्व जण धन्यवाद देतात. न्याय मागणाऱ्याच्या वाट्याला ते क्वचितच येतात. यास्तव सेवाकार्याचा ओढा नेहमी दयेकडे राहतो. दया कमी महत्त्वाची आहे, असे मला म्हणायचे नाही. परंतु अन्यायाने आखलेल्या चौकटीत दयेचे काम कितीही सुबक केले, तरी ती चौकट त्यामुळे अधिकच पक्की होते.

त्याच पुनर्वसनात एक आशादायक प्रकरणही घडले. ज्या शेकडो गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, तेथे दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम घरमालकांनी स्वतः करावयाचे होते. ते कसे करावे, अनुदान कसे मिळवावे, भिंतीत लोखंड कोठे घालावे, हे समजावून देण्यासाठी गावातीलच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात अग्रभागी होती. कालपर्यंत ज्या बायकांची नोंद ‘भूकंपग्रस्त’ या एका शब्दात होत होती, त्या आता इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या, कागद वाचू लागल्या, शेजारणीला सल्ला देऊ लागल्या. त्यांना कोणी दत्तक घेतले नव्हते. त्यांचे मत विचारले गेले होते, एवढेच. या एवढ्याशा फरकाने मान वर येते.

जामखेडचे उदाहरण

सेवेची ही दुसरी रीत एका ख्रिस्ती दांपत्याने मराठवाड्याच्या वेशीवर भूकंपाच्या कितीतरी आधी घालून दिली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याआधी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. तेच रुग्ण, तेच टाळता येण्याजोगे आजार घेऊन पुन्हा पुन्हा येत होते. रुग्णालय उत्तम चालत होते आणि गाव आजारीच राहत होते.

जामखेडला त्यांनी लोकांना प्रथम विचारले की तुम्हाला काय हवे. उत्तर आले, पाणी आणि अन्न. डॉक्टरांनी औषधाची पेटी बाजूला ठेवून पाण्याकडे लक्ष दिले. हातपंपांच्या जागा ठरविताना त्या दलित वस्तीत येतील असे त्यांनी मुद्दाम पाहिले, आणि ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यांच्या दारात सवर्णांच्या घागरी आल्या. पुढे त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून शिकविले. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, जुलाबावरील मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, कुष्ठरोग व क्षयरोगाची प्राथमिक ओळख हे सारे त्या हाताळू लागल्या. त्या भागातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ च्या सुमारास हजारामागे पावणेदोनशेच्या घरात होते. पुढील पंचवीस वर्षांत ते तिसांच्या खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाईंचे १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांतांचे २०११ मध्ये निधन झाले.

आरोळे दांपत्याची ख्रिस्तश्रद्धा कोणापासून लपलेली नव्हती, आणि त्यांच्या सेवेवर ती अट म्हणून लादलीही गेली नाही. त्यांच्या कामाचे सर्वांत मोठे यश मला असे वाटते की गावाला डॉक्टरची गरज कमी कमी होत गेली. जी सेवा स्वतःची गरज टिकवून धरते, तिच्यात कुठेतरी मालकीची भावना शिरलेली असते. स्वतःची गरज संपविण्यासाठी झटणारी सेवा मात्र समोरच्याच्या मोठेपणावर विश्वास ठेवून चालते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. माणूस उपाशी मरत असताना मान, प्रतिष्ठा, सहभाग यांच्या गोष्टी हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान नाही काय? ३० सप्टेंबरच्या सकाळी कोणी कोणाचे मत विचारावे? हे खरे आहे. त्या सकाळी फावडे हाती घ्यावे, पाणी पाजावे, रक्त द्यावे. तेथे विचार करणारा उशीर करतो. पण आपत्तीची सकाळ कायम राहत नाही. पहिल्या आठवड्यात जे कर्तव्य असते, तेच पहिल्या वर्षानंतर तसेच चालू राहिले तर त्याला सवय जडते, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. वाटपाची रांग पहिल्या दिवशी जीव वाचविते, शंभराव्या दिवशी तीच रांग माणसाला भिकारी करते. केव्हा द्यावे याइतकेच, केव्हा विचारावे आणि केव्हा बाजूला व्हावे, हे ओळखण्यातही विवेक लागतो.

घेण्याची विद्या

आता आपल्याकडे वळू. आपण, म्हणजे संख्येने थोडे, शाळा-दवाखान्यांनी नावाजलेले, देण्याची सवय असलेले. देणे आपल्याला येते. घेणे येते काय?

योहानकृत शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू शिष्यांचे पाय धुवू लागला, तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले. पेत्र प्रभूसाठी काहीही करायला तयार होता. प्रभूकडून काही करवून घेणे मात्र त्याला जड जात होते. त्याच शुभवर्तमानात आधी एक प्रसंग आला आहे. विहिरीपाशी थकून बसलेल्या येशूने शोमरोनी स्त्रीशी बोलणे सुरू केले ते तिच्याकडे पाणी मागून. जिवंत पाण्याची गोष्ट नंतरची. परक्या पंथाच्या, गावाने नावे ठेवलेल्या त्या बाईला त्याने प्रथम दात्याची जागा दिली. मराठवाड्यात पाहुणा दारात आला की काम विचारण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. तो तांब्या घेतल्यावाचून बोलणे सुरू होत नाही. सेवेसाठी गावात जाणाऱ्याने या रीतीतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. जो तांब्या नाकारतो, तो कितीही देवो, पाहुणा होत नाही आणि शेजारीही होत नाही.

मराठवाड्याने आपल्याला दिल्याचे एक उदाहरण ताजे म्हणावे असे आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिव येथे, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीला काही गटांनी विरोध केला, धमक्यांचे सूर उमटले. तरीही संमेलन झाले. आजारी अवस्थेतील एका कॅथॉलिक धर्मगुरूला मराठी वाचकांनी आपल्या भाषेच्या सर्वोच्च व्यासपीठावर सन्मानाने बसविले. हरित वसईच्या चळवळीत आणि ‘सुवार्ता’च्या पानांतून आयुष्यभर देत आलेल्या या माणसाने तेथे घेतले. त्यांचे २०२४ मध्ये निधन झाले. किल्लारी ज्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, त्यांपैकी एका जिल्ह्याने हा मान द्यावा, यात मला एक सुंदर परतफेड दिसते. ती कोणी ठरवून केलेली नव्हती. मागितलेली परतफेड ही वसुली असते. अशी न मागता आलेली परतफेड मात्र शेजाराची खूण होय.

धर्मग्रामासाठी काही प्रश्न

निलंगा परिसराची परीक्षा संपलेली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी गावी जमिनीतून आवाज येऊ लागले, सौम्य धक्के बसले आणि १९९३ ची आठवण असलेल्या लोकांची झोप उडाली. पुन्हा मदत लागेल, पुन्हा आपल्यापुढे दानपेटी येईल. त्या वेळी आपल्या धर्मग्राम मंडळात काही प्रश्न विचारले जावेत असे वाटते.

कोणाला काय द्यायचे, हे ठरविताना घेणाऱ्यांपैकी कोणी त्या बैठकीत होते काय? दिलेल्या वस्तूवर आपले नाव छापल्यावाचून आपल्याला राहवते काय? वाटपाचे छायाचित्र काढताना ज्याचे छायाचित्र काढले त्याला ते हवे होते काय? जुने कपडे देताना ते आपल्या भावाला दिले असते काय? संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची सुरुवात १८३३ मध्ये पॅरिसमधील काही विद्यार्थ्यांनी केली, तेव्हापासून तिच्या सभासदांनी गरिबांच्या घरी स्वतः जाण्याची प्रथा पाळली. रांगेत उभे करून देण्यापेक्षा दारात जाऊन बसणे त्यांनी पसंत केले. आपल्या धर्मग्रामांतील शाखांनी ती प्रथा आज किती जपली आहे? आणि शेवटचा प्रश्न असा की, ज्या गावाला आपण एकदा साहाय्य केले त्या गावी आपण नंतर केव्हा रिकाम्या हाताने, नुसते भेटायला गेलो काय?

रिकाम्या हाताने जाणे सर्वांत कठीण असते. हातात पिशवी असली की आपल्याला आपले स्थान ठाऊक असते. पिशवी नसली की आपणही इतरांसारखे दारात उभे राहिलेले एक माणूस होतो, आत बोलावतील की नाही याची वाट पाहणारे. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले, त्यात हाही अर्थ असावा. दिलेले आपण विसरलो, तरच घेणाऱ्याला ते विसरण्याची मुभा मिळते. आणि ती मुभा मिळाली की उद्या भर चौकात तो आपल्याकडे पाहून, मान खाली न घालता, राम राम म्हणू शकतो.